कोरसमध्ये उभं राहून व्हिडिओ शूट केलंय? तुमचे अनुभव सांगा

सुरुवात मी करते. आमचा पुण्यातला वृंदगानाचा ग्रुप आहे, बत्तीस जण, बँकेतले, शाळेतले, रिटायर्ड, सगळे. गेल्या जानेवारीत एका मराठी गाण्याच्या व्हिडिओसाठी आम्हाला वाईजवळ मेणवलीला नेलं होतं, कृष्णेच्या घाटावर. गाणं आधीच स्टुडिओत रेकॉर्ड झालेलं, आठ-आठ जणांच्या बॅचने दोन दिवस गायलो होतो, त्यामुळे शूटला फक्त प्लेबॅकवर ओठ हलवायचे इतकंच डोक्यात होतं.

पहाटे साडेचारचा कॉल. अंधारात गाडीतच साड्या नीटनेटक्या केल्या, स्पॉटदादांनी चहा दिला, पाण्यावर धुकं इतकं की पलीकडचा काठ दिसेना. पहिली ऑर्डर आली "मास्टर घेऊ", म्हणजे सगळे एकत्र दिसतील असा लांबचा शॉट, आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरून उभे, स्पीकर एका टोकाला कॅमेऱ्याच्या बाजूला, आणि मी अगदी दुसऱ्या टोकाला. टेक झाला, मॉनिटरवर बघितलं तर आमच्या टोकाचे सहा-सात जण उशिरा गातायत! आम्हाला वाटलं आपलंच चुकतंय, परत केलं, परत तेच. मग साउंडच्या मुलाने समजावलं की आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, तुम्ही स्पीकरपासून तीसेक मीटरवर आहात, म्हणजे तुमच्यापर्यंत गाणं पोचायलाच सेकंदाचा जवळजवळ दहावा भाग जातो, आणि सेकंदाला २५ फ्रेमच्या, म्हणजे २५ चित्रांच्या, व्हिडिओत तो दोन-अडीच फ्रेम होतो, तेवढा डोळ्याला कळतो. दुसरा स्पीकर वायरने आमच्या पायाशी आणून लपवला आणि आमचं वृंदगान चालवणाऱ्या ताईंनी सांगितलं, कान सोडा, माझा हात बघा. पुढच्या टेकला ओठ जुळले.

पण मला खरं सांगायचंय ते हे. पहिले तीन-चार टेक आम्ही नुसते ओठ हलवत होतो, कारण घसा वाचवायचा होता. दिग्दर्शकाला काहीतरी खटकत होतं पण काय ते त्याला सांगता येईना. ताईंनी ओळखलं. म्हणाल्या, "तुमचा श्वासच दिसत नाहीये, ओळ सुरू व्हायच्या आधी छाती भरत नाहीये कुणाची." मग आम्ही स्पीकरच्या वर आवाज काढून खरंखुरं गायलो. थंडी होती ना, प्रत्येक ओळीआधी बत्तीस जण एकदम श्वास घ्यायचे आणि पहिल्या शब्दाबरोबर तोंडातून वाफ निघायची, सगळ्यांची एकाच क्षणी. तो शॉट व्हिडिओत आहे आणि मी तो कितीदा बघितलाय सांगता येणार नाही. एकत्र गाणं म्हणजे मुळात एकत्र श्वास घेणं, हे मी वीस वर्षं ऐकत आलेय, पण डोळ्यांनी तेव्हा बघितलं.

अजून एक, गजरे. सकाळी माळलेला गजरा दुपारी टाइट, म्हणजे चेहऱ्याजवळच्या, शॉट्सच्या वेळी मान टाकतो आणि कंटिन्युइटीवाली, म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या शॉटमध्ये सगळं सारखं दिसतंय ना ते बघणारी, मुलगी रडकुंडीला येते. आम्ही वाईच्या बाजारातून दोनदा गजरे आणले. जाणार असाल तर जास्तीचे आणा, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा.

आता तुम्ही लिहा.

गोदाकाठ

छान लिहिलंस ग. आमचा अनुभव थोडा दुखरा आहे पण लिहिते. नाशिकला आम्ही चोवीस बायका, रोज संध्याकाळी रियाज करून गाणं बसवलं, आणि शूटच्या दिवशी स्पीकरवर लागलं तर आमचे आवाजच नाहीत. मुंबईत चार-पाच व्यावसायिक कोरस गायिकांकडून गाऊन घेऊन त्यावर थर चढवले होते. आम्हाला कुणी सांगितलंही नव्हतं. त्या मुली उत्तम गातात यात वाद नाही, त्यांचं पोट त्यावर आहे, पण दुसऱ्याच्या आवाजावर तोंड उघडायचं म्हणजे कसं होतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. त्यांनी गाण्यातल्या 'मना' या शब्दावर जागा, म्हणजे सुरांचं छोटं वळण, घेतली होती, आम्ही सरळ म्हणायचो, ती जागा ओठांनी शिकायला अर्धा दिवस गेला.

संध्याकाळी पॅकअप झालं, लाइटवाले वायरी गुंडाळत होते. आमच्या सरांनी मोबाइलवर तानपुरा लावला, काळी चार, आणि काही न बोलता हात वर केला. आम्ही तेच गाणं आमच्या पद्धतीने गायलो, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. लाइटवाल्या दादांनी वायरी खाली ठेवल्या. कुणाच्या तरी फोनमध्ये ते रेकॉर्ड आहे, मागे आरतीची घंटा ऐकू येते, एक गाडीचा हॉर्न आहे. माझ्यासाठी तेच आमचं गाणं.

व्हिडिओखाली आमच्यापैकी एकीचंही नाव नाही. नंतर वकिलीण मैत्रिणीकडून कळलं की २०१२ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्यात कलाकाराला आपली ओळख दिली जाण्याचा हक्क दिलेला आहे. कागदावर सही करण्याआधी विचारा, आवाज कुणाचा वापरणार आणि नावं कुठे येणार. लाजू नका.

बास गातो

मी फोंड्याचा, पणजीतल्या एका कॉयरमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीच्या वृंदगानात, बास गातो. आमच्याकडे सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे सगळ्यात उंच आवाजापासून सगळ्यात खर्जातल्यापर्यंत चार भाग, प्रत्येकाची चाल वेगळी, आणि उभं राहायची जागाही ठरलेली, शेजारच्याच्या आवाजाला टेकून आपला आवाज धरायचा असतो. शूटला दिग्दर्शकाने आम्हाला उंचीप्रमाणे आणि कपड्यांच्या रंगाप्रमाणे लावलं. माझ्या डावीकडे सोप्रानो, उजवीकडे आल्टो! दुसऱ्या कडव्यात मी चक्क सोप्रानोची चाल गायला लागलो, आणि टाइटमध्ये ते पकडलं गेलं कारण माझे शब्द एक मात्रा आधी पडले. आमच्या कंडक्टरने शांतपणे सांगितलं की यांना वेगळं केलंत तर तुम्हाला गाणारे चेहरे मिळणार नाहीत, घाबरलेले मिळतील. त्यांनी ऐकलं, परत भागांप्रमाणे उभं केलं. असं सांगणारा माणूस सेटवर हवाच.

स्लो मोशनचंही सांगतो. चित्र अर्ध्या वेगाने दाखवायचं असेल तर सेकंदाला २५ ऐवजी ५० फ्रेमने शूट करतात आणि गाणं दुप्पट वेगाने वाजवतात, म्हणजे नंतर ओठ जुळतात. लांब दम लावायचं संथ भक्तिगीत दुप्पट वेगात गायचं, चेहरा मात्र शांत ठेवायचा. आम्ही आदल्या आठवड्यात मेट्रोनोम (लय मोजून टिकटिक करणारं यंत्र) लावून तसा सराव केला होता म्हणून निभावलं. आधी विचारून घ्या स्लोमो आहे का.

ठाण्याची आई

माझी मुलगी नऊ वर्षांची, बालकोरसमध्ये. सकाळी आठला बोलावलं, संध्याकाळी सातला सोडलं, मधे मुलं झोपून गेली खुर्च्यांवर, उठवून उठवून शॉट घेतले. मी गप्प बसले याचं मला अजून वाईट वाटतं. नियम मला नंतर कळले, ते इथे लिहून ठेवते म्हणजे दुसऱ्या आईला आधी कळतील. बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त विश्रांतीशिवाय नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पाच मुलांमागे निदान एक जबाबदार माणूस लागतो, आणि मिळणाऱ्या पैशातला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावाने मुदत ठेवीत जायला हवा. पोरीला विचारलं परत जाशील का, तर म्हणाली गायला जाईन, बसायला नाही.

पूर्व किनारा

आम्ही न्यू जर्सीतले. २०२० मध्ये सगळं बंद होतं तेव्हा मराठी मंडळाच्या गायकांनी घरूनच व्हिडिओ केला. जगभरातले आवाज असे जोडायचं काम एरिक व्हिटेकर या अमेरिकन संगीतकाराने २०१० मध्येच केलं होतं, १८५ गायक, १२ देश, ते बघूनच धीर आला. नियम एवढेच: फोन आडवा, वायरचे इअरफोन, ब्लूटूथ नाही कारण त्यात आवाज मागे पडतो, आणि सुरुवातीला क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या लयीच्या टिकटिकीवर, तीन टाळ्या, त्या टाळ्यांवर सगळे तुकडे जुळवतात. मी मुलं झोपल्यावर कपाटात कपड्यांमधे तोंड घालून गायचे, आवाज घुमू नये म्हणून. कानात फक्त क्लिक आणि हार्मोनियम. एकटीने कोरस गाणं फार अवघड आहे, तुम्ही किती मोठ्याने गाताय ते कळायला दुसरं कुणी नसतं. जुळवलेला व्हिडिओ आला तेव्हा माझ्या चौकटीशेजारी माझी नेहमीची शेजारीण होती, हॉलमध्ये उभी राहते तीच, एडिटरने मुद्दाम तसं लावलं होतं. चार महिने आम्ही भेटलो नव्हतो.

पहिल्यांदाच जातेय

सगळ्यांचं वाचलं, खूप उपयोग झाला. पुढच्या रविवारी आमचं शूट आहे कोल्हापुरात, सगळ्यांनी हिरव्या साड्या ठरवल्यात, बारीक चौकडीच्या. चालेल ना?

गोदाकाठ

अगं आजच फोन कर आणि मागे हिरवा पडदा आहे का ते विचार, असेल तर नंतर हिरवा रंग काढून तिथे दुसरं चित्र टाकतात, त्यात साडीच गायब होते बघ. आणि बारीक चौकडी तर नकोच, कॅमेऱ्यात लहरी उठतात. प्लेन इरकल बघा, काठ रुंद असला तरी चालतो. आणि नावांची यादी छापून बरोबर घेऊन जा, आडनावांसकट.