छातीत धडधडतं, जीव घाबरतो: डॉक्टरकडे गेलात तेव्हा काय झालं?

धडधड, घाम, झोप उडणं, उगाच भीती. यासाठी डॉक्टरकडे गेलेल्या कोकणातल्या मंडळींनी इथे लिहावं. आत काय विचारतात, गोळ्या किती काळ चालतात, घरी काय सांगितलंत, काहीही चालेल. डॉक्टरांची नावं आणि गोळ्यांचे डोस मात्र नकोत. छातीत दुखत असेल तर आधी ईसीजी, मग हा धागा.

चिपळूण, दुकानदार
२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी दुकानात शिरलं तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर होतो. जीव वाचला, माल गेला. लोक म्हणाले, सुटलात. मलाही तसंच वाटलं. पुढच्या पावसाळ्यात मात्र पत्र्यावर सर वाजली की हातपाय गार पडायचे. रात्री उठून नदीवर जाऊन पाणी बघून यायचो, तासातासाला मोबाइलवर पावसाचे आकडे. हृदयविकार असणार म्हणून तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल. आमच्या फॅमिली डॉक्टरांनीच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं.

मला वाटलं होतं लहानपणाचं वगैरे विचारतील. त्यांनी विचारलं, झोप किती वाजता मोडते, दारू किती, घरात कुणाला असा त्रास होता का. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारलं. थायरॉइडची रक्ततपासणी करायला लावली, कारण थायरॉइड वाढला तरी अशीच धडधड होते. गोळी सुरू झाल्यावर पहिला आठवडा मळमळ आणि उलट जास्तच बेचैनी. हे होईल असं आधीच सांगितलं होतं म्हणून टिकलो. फरक कळायला महिना गेला. समुपदेशकांनी नदीवरच्या फेऱ्या हळूहळू कमी करायला लावल्या. खरं सांगायचं तर गोळीपेक्षा ते अवघड गेलं.

भिंतीवरची पुराची रेघ रंगाखाली गेली, पण माल मी अजून तिच्या वरच लावतो. ते सोडू का, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, तो आजार नाही, तो शहाणपणा.

दापोली, विद्यार्थी
परीक्षेआधी श्वासच पुरेना. रात्री १४४१६ ला फोन केला, टेली-मानस, म्हणजे मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. असा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरतो, एवढं त्या ताईंकडून कळलं तेव्हाच निम्मी भीती गेली. नंतर डॉक्टरांनाही भेटलो.

मालवणजवळ, गृहिणी
नवरा ट्रॉलरवर. ३१ जुलैला मासेमारीबंदी संपली, होड्या बाहेर पडल्या की माझं सुरू. समुद्रात रेंज नसते हे काय मला माहीत नाही? तरी फोन लागला नाही की घशात गोळा, हाताला मुंग्या. सासूबाईंनी मीठ-मोहरी ओवाळली, देवळात गाऱ्हाणं घातलं. वर, ‘तुका कसली चिंता? जेवक-खावक हा, घोव कमावता.’ त्यांचा राग नाही, त्यांच्या नवऱ्याच्या वेळी तर फोनही नव्हते.

शेवटी नणंद कुडाळला घेऊन गेली. गावात ‘बीपी दाखवूक’ म्हणून सांगितलं. दवाखान्यात बाकड्यावर आमच्याच वाडीतली एक बाई! तीही म्हणाली, बीपी. दोघी एकाच एसटीने परत आलो, वाटेत फक्त बांगड्याचा भाव बोललो. आता तिला नंबर लावायचा असला की मला फोन करते.

गाऱ्हाणं बंद केलेलं नाही. गोळीही बंद नाही.

रत्नागिरी, नोकरदार
आमच्याकडचं मनोरुग्णालय १८८६ सालचं, त्यामुळे ‘याला रत्नागिरीला न्या’ हा विनोद अख्ख्या कोकणाला पाठ. आम्ही तर रत्नागिरीतच राहतो, आम्हाला कुठे नेणार? मी तिथल्या ओपीडीत जातो. केसपेपर काढायचा, नंबर आला की बोलायचं, औषध घेऊन घरी. पहिल्यांदा गेटवर सोडताना रिक्षावाल्याने हळहळत विचारलं, कोण आहे आत? म्हटलं, अजून कुणी नाही, मी आत्ता चाललोय. बिचाऱ्याने सुटे पैसे न मागताच दिले.

अलिबागकडची, शिक्षिका
माझा पहिला अनुभव वाईट. एका डॉक्टरांनी दोन मिनिटांत झोपेची गोळी लिहिली, किती दिवस घ्यायची ते सांगितलंच नाही. मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर देत राहिला. सुट्टीत गोळ्या संपल्या तेव्हा थरथर, रात्रभर डोळा नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं: या गोळीची सवय लागते, एकदम तोडायची नाही. चिंतेची मूळ गोळी वेगळी, तिची अशी चटक लागत नाही, पण तीही मनाने सोडायची नाही. आता झोपेची गोळी त्यांच्या सांगण्याप्रमाणे थोडी थोडी उतरवतेय. पाव तुकडा करायला मेडिकलमध्ये कटर मिळतो. आमच्याकडे आजोबांच्या अडकित्त्याने करून पाहिलं, निम्मा चुरा झाला. कटरच घ्या.