थोरामोठ्यांच्या निधनादिवशीच त्यांच्यावर टीका करावी का?

मूळ धागा
अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर २९ नोव्हेंबर २०२३ ला वयाच्या १०० व्या वर्षी गेले. कुणी 'थोर मुत्सद्दी' म्हणून हात जोडले, कुणी कंबोडियावरचे बॉम्ब आणि १९७१ चा पूर्व पाकिस्तान आठवून 'सुटलो' असं लिहिलं. माझं म्हणणं, अंत्यसंस्कारापर्यंत तरी थांबावं. मरणान्तानि वैराणि. घरच्यांनी फोन उघडला की सगळ्यात वर तेच दिसतं, कारण भांडण पेटवणारी पोस्टच वर ढकलली जाते.

प्रतिसाद १
थांबण्याची किंमत कोण मोजतं? ब्रिटिश टीव्हीवरचा सूत्रसंचालक जिमी सॅव्हिल ऑक्टोबर २०११ मध्ये ८४ व्या वर्षी मेला. त्यानंतर लगेच बीबीसीच्याच 'न्यूजनाइट' कार्यक्रमानं त्याच्या लैंगिक अत्याचारांचा तपास सुरू केला. तो गुंडाळला गेला आणि नाताळात त्याच्या गौरवाचे कार्यक्रम लागले. पीडितांचं म्हणणं लोकांपुढे आलं ते पुढच्या ऑक्टोबरात, आयटीव्ही वाहिनीच्या माहितीपटातून. इंग्लंडमध्ये मृताच्या बदनामीचा दावा लावता येत नाही. दाव्याच्या धाकानं गप्प बसलेल्यांना तोंड उघडायची पहिली संधीच तेव्हा मिळते, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही त्यांना गप्प करताय.

मूळ लेखक
गुन्ह्याचा पुरावा केव्हाही मांडा, त्याला माझी ना नाही. माझा आक्षेप जल्लोषाला आहे. एप्रिल २०१३ मध्ये ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर ८७ व्या वर्षी गेल्या, तेव्हा लोकांनी ठरवून एक जुनं 'चेटकीण मेली' छापाचं गाणं विकत घेतलं आणि ब्रिटनच्या विक्री-यादीत दुसऱ्या क्रमांकावर नेलं. मग वाद कशावर? बीबीसीनं ते किती सेकंद वाजवावं यावर! त्यांच्या काळात बंद पडलेल्या कोळशाच्या खाणी राहिल्या बाजूला.

प्रतिसाद २
जल्लोष होतो त्यात मृत्युलेखांचाही दोष आहे. मोठ्या वृत्तपत्रांत वयस्क नामवंतांचे लेख आधीच तयार असतात. एलिझाबेथ टेलरवरचा न्यूयॉर्क टाइम्समधला लेख २०११ मध्ये आला, त्याचा मुख्य लेखक २००५ मध्येच वारला होता! तेव्हा 'घाईत राहून गेलं' ही सबब चालत नाही. घोळ होतो 'वादग्रस्त' या एका शब्दानं. काय केलं, कधी, कुणाचं नुकसान झालं, हे सगळं त्याच्याआड दडतं. जेम्स वॉटसन नोव्हेंबर २०२५ मध्ये ९७ व्या वर्षी गेले. पहिल्या वाक्यात १९५३ चा डीएनएच्या रचनेचा शोध आणि १९६२ चं नोबेल घ्या. लगेच दुसऱ्यात वंश आणि बुद्धीबद्दलची त्यांची विधानं, ज्यांमुळे कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेनं २०१९ मध्ये त्यांची मानद पदं काढून घेतली. हे तळाशी ढकललंत तर तेच खाली प्रतिक्रियांत शिवी होऊन येतं.

वयाचाही परिणाम होतो. नव्वदीतला थकलेला चेहरा पाहिलेल्या पिढीला सत्तेवरचा पन्नाशीतला माणूस ठाऊकच नसतो.

मूळ लेखक
लेखाच्या मांडणीबद्दल मान्य. पण शिव्या देणारे लेख वाचून देत नाहीत, मथळा दिसला की सुरू होतात.

प्रतिसाद १
सगळ्यांना एका मापानं मोजू नका. ऑगस्ट २०२२ मध्ये सोव्हिएत संघाचे शेवटचे नेते गोर्बाचेव्ह ९१ व्या वर्षी गेले. पाश्चात्त्य नेत्यांनी शांतिदूत म्हटलं. लिथुआनियात मात्र जानेवारी १९९१ मध्ये व्हिल्निअसला सोव्हिएत सैन्यानं मारलेले नि:शस्त्र नागरिक आठवले गेले. त्यांच्या घरच्यांनी कुणाच्या अंत्यसंस्कारापर्यंत थांबायचं?