गच्चीची किल्ली आणि जास्वंदीवरचा मावा

ए-४०३: सचिवकाका, संध्याकाळी अर्धा तास गच्ची उघडी ठेवता येईल का? मावळतीचे रंग बघायला. रोज सगळ्यांना जमणार नाही, पण दार उघडं असलं की पाय आपोआप वळतात.

बी-१०१: ताई, छान कल्पना आहे. पण सकाळी बाळाचं सगळं, मग ऑफिस, घरी येईपर्यंत अंधार. वेळ आणायचा कुठून?

ए-४०३: अगं, वेगळा वेळ काढायला गेलं की राहूनच जातं. वाट बघण्यात जातो ना, तोच वेळ वापरायचा. काल स्कूलबसला उशीर झाला म्हणून मी आणि लेक गेटजवळच्या जास्वंदीपाशी थांबलो. कळीच्या देठावर हिरवा मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, दाटीने बसलेला आणि मुंग्यांची नुसती ये-जा. एक मुंगी आपल्या मिशांनी माव्यातल्या एका किडीला हळूहळू थोपटत होती. जरा वेळाने त्या किडीच्या मागच्या टोकाला पारदर्शक थेंब आला, मुंगीने तो लगेच पिऊन टाकला! तो गोड रस असतो. त्यासाठीच मुंग्या माव्याची राखण करतात, त्याला खायला आलेल्या किड्यांना हुसकावून लावतात. बस आली तरी लेक जागचा हलेना.

बी-१०१: रोज त्या झाडावरूनच जाते मी, कधी वाकून बघितलं नाही. उद्या बाळाला घेऊन थांबते.

सी-२०४: थोडा थोडा वेळही चालतो बरं का. इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांची तब्येत आणि समाधान जास्त चांगलं असल्याचं त्यात दिसलं. ती मिनिटं सलग की तुकड्यातुकड्यांत, याने फरक पडला नाही. ज्यांना बाहेर पडताच येत नाही, त्यांचा पलंग तरी खिडकीशी हलवा. आईचा हलवल्यापासून ती दिवसभर झाडाकडे बघत असते, आम्हालाही हाक मारून पक्षी दाखवते.

सचिवकाका: गच्चीला माझी हरकत नाही. किल्ली वॉचमनकडे ठेवतो, वहीत नाव लिहून घ्या. लहान मुलं मोठ्यांबरोबरच, कठडा बुटका आहे. चंद्रही दिसेल का?

ए-४०३: अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी पश्चिमेला बारीक कोर दिसेल. मग पौर्णिमेपर्यंत रोज त्याच वेळी या. हात लांब करून मूठ धरा, आदल्या दिवशीपेक्षा चंद्र मुठीहून थोडा जास्तच पूर्वेला सरकलेला असतो. मुलांना हे स्वतः मोजू द्या, फार आवडतं त्यांना.

सी-२०४: काका, उद्या फवारणी आहे ना? ती जास्वंद सोडायला सांगाल? मावा खाणाऱ्या ढालकिड्यांच्या (लेडीबर्डच्या) अळ्याही येतील तिथे, त्याही बघायच्यात.

सचिवकाका: माळ्याला आत्ताच फोन करतो. पण मावा शेजारच्या कुंड्यांवर पसरला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुवायचं काम तुमच्याकडे.

सी-२०४: चालेल काका, मी बघते ते.