टेनिसपटू कोको गॉफ: खेळात तुम्हाला काय दिसलं? (अनुभव धागा)

बेसलाईनवाली
रोलां गॅरोसची (पॅरिसची, मातीवरची फ्रेंच ओपन) 2025 ची फायनल परत दाखवत होते, आणि एकदम 2019 चं विंबल्डन आठवलं. पंधरा वर्षांची पोर, क्रमवारीत 313 वी. वाइल्ड कार्ड (आयोजकांनी खास दिलेला प्रवेश) तेसुद्धा मुख्य स्पर्धेचं नाही, नुसतं पात्रता फेरीचं. रोहॅम्प्टनला तीन सामने जिंकून आत आली आणि पहिल्याच फेरीत व्हीनस विल्यम्सला 6-4, 6-4 हरवलं! तिसऱ्या फेरीत हर्कोगविरुद्ध दोन मॅचपॉइंट वाचवले, शेवटी हालेपने थांबवलं. स्कोअर सगळ्यांना पाठ आहेत. खेळात काय दिसलं ते लिहा.

डावखुरा
दुसरी सर्व्हिस. बाकी सगळं नंतर.
2024 यूएस ओपन, नव्हारोविरुद्ध 19 डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट गेला), त्यातले 11 तिसऱ्या सेटमध्ये. घोळ कुठे होतो? दुसऱ्या सर्व्हिसला चेंडू जाळ्यावरून उंच जाऊन चौकटीत खाली पडायला टॉपस्पिन (पुढच्या दिशेची फिरकी) लागतो, आणि स्पिन येतो हाताच्या वेगातून. घाबरून हात आखडला की स्पिन गेला, मग चेंडू लांब जातो नाहीतर जाळ्यात. म्हणजे 'जपून मारू' म्हटलं की हमखास फॉल्ट.

रोज_एक_सेट
+1. टॉसवर (सर्व्हिससाठी वर उडवलेला चेंडू) लक्ष ठेवा. एकदा पुढे, एकदा डावीकडे गेला की समजायचं आता दोन-तीन गेम भोग आहेत. त्या पराभवानंतर प्रशिक्षक गिल्बर्ट गेले, मॅट डेली आले, सर्व्हिसची ग्रिप (रॅकेट धरायची पद्धत) थोडी बदलली. 2025 च्या यूएस ओपनच्या तोंडावर गॅव्हिन मॅकमिलन. हेच ते, सबालेंकाची सर्व्हिस सुधारणारे. ऐन ग्रँड स्लॅमच्या आधी सर्व्हिस उघडून बसायची म्हणजे धाडसच. चौथ्या फेरीत ओसाकाने 6-3, 6-2 हरवलं, पण ऑक्टोबरमध्ये वुहान जिंकलं.

लाल_माती
फोरहँडबद्दल कोणीच कसं नाही? टोकाची वेस्टर्न ग्रिप, तळवा जवळजवळ मुठीच्या खाली. उसळता चेंडू खांद्याशी आला तर उत्तम. हिरवळीवर चेंडू घोट्याशी राहतो, रॅकेट त्याच्याखाली न्यायला वेळ नसतो, आणि फटका आखूड पडतो. म्हणून सगळ्या जणी वेगाने फोरहँडवरच मारतात. विंबल्डनला 2023 मध्ये केनिनकडून आणि 2025 मध्ये यास्त्रेम्स्काकडून पहिल्याच फेरीत बाहेर, त्यामागे हेही एक कारण. तिच्या बॅकहँडवर मात्र मारायची सोय नाही.

चहाबाज
कुकर लावलाय, घाईत लिहिते. पाय!! पाय विसरलात सगळे.
पॅरिसच्या त्या फायनलमध्ये वारा सुटला होता, सबालेंकाच्या 70 चुका. त्या 'आपोआप' झाल्या म्हणणाऱ्यांनी परत बघा. तीनदा पॉइंट संपलाय असं वाटतं आणि तीनदा चेंडू परत येतो. मग चौथा फटका रेषेच्या आणखी जवळ मारावा लागतो, आणि तोच बाहेर. पहिला सेट कोकोने टायब्रेकमध्ये (6-6 नंतरचा निर्णायक गेम) गमावला, पुढचे दोन 6-2, 6-4 जिंकले.

डावखुरा
चुका दोघींच्या होत्या हो. पण मान्य.

पुणेरी_लॉब
कोणी वयाच्या नियमाबद्दल लिहिलं नाही. पंधराव्या ते सोळाव्या वाढदिवसादरम्यान मोजक्या 10 व्यावसायिक स्पर्धा खेळता येत होत्या. म्हणजे गुण मिळवायला संधी कमी, प्रत्येक आठवडा तोलून मापून निवडायचा. त्यात 2019 ला लिंझमध्ये पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरली, साक्कारीने माघार घेतली म्हणून लकी लूजर म्हणून आत, आणि थेट विजेतेपद.

चहाबाज
लकी लूजर म्हणजे पंगतीत ऐनवेळी रिकाम्या पानावर बसवलेला पाहुणा. आणि शेवटची जिलबी त्यानेच खाल्ली 😂

रोज_एक_सेट
मठ्ठाही प्यायला 😂

लाल_माती
2023 चा उन्हाळा राहिला. विंबल्डनच्या दणक्यानंतर पेरे रिबा आणि गिल्बर्ट दोघं सोबत. वॉशिंग्टन जिंकलं, मग सिनसिनाटी. तिथे उपांत्य फेरीत श्वियाँतेकवर पहिला विजय. आधीचे सातही सामने हरलेली, त्यांत एकही सेट नाही! मग यूएस ओपन. फायनलला सबालेंकाविरुद्ध 2-6 ने मागे पडून 6-3, 6-2. फोरहँड बदलला नव्हता. चेंडू उंच, खोल टाकून वेळ मिळवायचा आणि बॅकहँडवर खेळ वळवायचा, एवढंच.

नवा_ग्रिप
त्याच स्पर्धेत मुखोव्हाविरुद्ध प्रेक्षकांतल्या आंदोलकाने पाय सिमेंटला चिकटवले होते ना? जवळपास 50 मिनिटं खेळ बंद.

पुणेरी_लॉब
हो. कुठला गोंद होता कोण जाणे, आमच्या चपलेला तो हवाय.

बेसलाईनवाली
😂 मूळ विषयावर या. हार्ड कोर्टवरच्या (सिमेंटसारख्या कठीण कोर्टवरच्या) फायनल मोजल्या का कोणी? 2025 अखेर नऊ खेळली, नऊ जिंकली. लिंझपासून वुहानपर्यंत.

डावखुरा
आणि मातीवरच्या पाचपैकी दोन. पार्मा 2021 आणि पॅरिस. मग तिला 'मातीची खेळाडू' म्हणतात ते कुठून आलं?

लाल_माती
ग्रिपवरून. उंच उसळीचा फायदा तिथेच जास्त. थांबा, याचं उत्तर लांब आहे, रात्री लिहितो.

चहाबाज
तीन शिट्ट्या झाल्या, पळते.