एकाच ब्रिजवर दोन नेमस्पेस: मॅक दिसतो, पण पिंग जाऊन नाही राहिला

झिरोमाईल:
उबुंटू २२.०४ आहे, डॉकरही (कंटेनर चालवणारा प्रोग्राम) टाकलेला आहे. 'दुकान' आणि 'गोदाम' असे दोन नेटवर्क नेमस्पेस (एकाच मशीनवर नेटवर्कचे वेगळे कप्पे) केले, दोन व्हीईथ जोड्या (दोन टोकांची आभासी केबल) घेतल्या. प्रत्येक जोडीचं एक टोक आत, दुसरं ब्रिजवर (होस्टमधला आभासी स्विच). ब्रिजला १०.२०.०.१, आत .२ आणि .३, सगळीकडे /२४. होस्टवरून दोघांनाही पिंग जातो, दुकानातून गोदामात जात नाही. 'आयपी नेबर' केलं की समोरचा मॅक (इंटरफेसचा हार्डवेअर पत्ता) मात्र बरोबर दिसतो. दुकानातून स्वतःच्याच .२ ला पिंग केलं तरी उत्तर नाही. काय चुकून राहिलं?

सावजीतिखट:
स्वतःला पिंग न जाणं हा निराळा रोग आहे. नव्या नेमस्पेसमध्ये लूपबॅक (एलओ, स्वतःशीच बोलायचा इंटरफेस) बंदच असतो आणि स्वतःच्या पत्त्याचं पॅकेट त्याच्यातूनच फिरतं. दोन्हीकडे आत जाऊन 'आयपी लिंक सेट एलओ अप' करा, झालं.

खरी गोम डॉकरची. तो आयपीटेबल्समधल्या (लिनक्सची पॅकेट गाळणी) फॉरवर्ड साखळीची, म्हणजे पुढे धाडायच्या पॅकेटांच्या नियमांची, पॉलिसी 'ड्रॉप' (टाकून द्या) अशी करून ठेवतो. बीआर-नेटफिल्टर मॉड्यूल लोड असेल तर ब्रिजवरून जाणारं आयपी पॅकेटही त्याच साखळीतून जातं आणि तिथेच मरतं. एआरपीला (आयपीवरून मॅक विचारणारा प्रोटोकॉल) आयपीटेबल्स अडवत नाही, म्हणून मॅक दिसतो. होस्टवरून निघालेलं पॅकेट आउटपुट साखळीतून जातं, म्हणून ते पोचतं.

खात्री करायची तर 'आयपीटेबल्स -एल फॉरवर्ड -व्ही -एन' लावा. पहिल्या ओळीत पॉलिसी ड्रॉपपुढे पॅकेटांचा आकडा असतो. चार पिंग सोडा, पुन्हा बघा. तो आकडा चढला असेल तर चोर सापडला.

उपाय: डॉकर-यूजर साखळीत (आपल्या नियमांसाठी डॉकरने ठेवलेली) एक नियम घाला, ब्रिजवरून आत आलेलं आणि त्याच ब्रिजवरून बाहेर जाणारं ॲक्सेप्ट.

अंबाझरी_काठ:
बरेच जण 'ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स' ही कर्नलची सेटिंग (ब्रिजवरचं पॅकेट आयपीटेबल्सकडे धाडणारी) शून्य करून मोकळे होतात. पिंग जाईल, पण डॉकरच्या ब्रिजवरची गाळणीही त्याबरोबर उठते. वरचा नियमच बरा.

झिरोमाईल:
नियम घातला, पिंग गेला भाऊ! आता दुकानातून इंटरनेट पाहिजे. वायफायचा इंटरफेस ब्रिजमध्येच टाकू का?

अंबाझरी_काठ:
नका टाकू, कर्नल नाहीच म्हणेल. ॲक्सेस पॉइंट फक्त जोडलेल्या मॅकच्याच फ्रेम घेतो, तुमच्या व्हीईथचा मॅक त्याच्या ओळखीचा नाही. नॅट करा, म्हणजे बाहेर जाताना पॅकेटवर होस्टचा पत्ता लावा. दुकानात डिफॉल्ट रूट १०.२०.०.१ वरून, होस्टवर आयपी फॉरवर्ड १ (डॉकरने बहुधा केलेलं असेल) आणि पोस्टराउटिंगमध्ये १०.२०.०.०/२४ साठी मास्करेड (नॅटचा नियम). डॉकर-यूजरमध्ये आता आणखी दोन नियम लागतील: एक ब्रिजकडून वायफायकडे, दुसरा परतीच्या रिलेटेड-एस्टॅब्लिश्डसाठी (आधीच सुरू असलेल्या जोडणीची पॅकेटं). दुसरा राहिला तर पॅकेट जातं, उत्तर दारातच अडकतं.

सावजीतिखट:
आणि डीएनएस (नावावरून आयपी शोधणं). होस्टच्या रिझॉल्व्ह-कॉन्फमध्ये १२७.०.०.५३ असतं. नेमस्पेसच्या आत तो पत्ता म्हणजे त्याचा स्वतःचा लूपबॅक, तिथे ऐकायला कोणी बसलेलं नाही. ईटीसीखाली नेटएनएस, त्यात 'दुकान' फोल्डर, त्यात रिझॉल्व्ह-कॉन्फ ठेवा, आत १.१.१.१ लिहा. 'आयपी नेटएनएस एक्झेक' ती फाइल आपसूक वर चढवतो. एनएस-एंटर या दुसऱ्या कमांडने शिरलात तर चढत नाही, तिथे डोकं खाजवत बसू नका.

रीबूटनंतर हे सगळं उडतं. स्क्रिप्ट करून सिस्टमडीच्या वनशॉट (एकदाच चालणाऱ्या) सर्व्हिसमधून चालवा, डॉकरनंतर. स्क्रिप्टमध्ये आधी व्हीईथचं टोक नेमस्पेसच्या आत हलवा, मगच पत्ता द्या. हलवताना दिलेला पत्ता पुसला जातो आणि इंटरफेस डाउन होतो.