वीज हिरवी आहे असं लेबल लावलं, पण पैसा आपल्या तालुक्यात येणार का?

सातपुडा_पायथा :
मंडळी, विषय जरा वेगळा आहे पण थेट आपल्या भागाशी संबंधित आहे म्हणून टाकतोय. फ्रीजवर, एसीवर बीईईचे स्टार असतात ते सगळ्यांना माहीत आहेत, २००६ पासून आहेत ते. तसंच आता विजेला पण इकोलेबल असतं. फिनलंडमधून चालणारं इकोएनर्जी म्हणून एक आहे. त्यांचं म्हणणं असं की कंपनीने नुसती सौर किंवा पवन वीज घेतली म्हणजे झालं असं नाही, ती बनवताना नदीचं, जंगलाचं, पक्ष्यांचं काय झालं ते पण बघायचं, आणि वर दर मेगावॅट-अवरला, म्हणजे आपल्या हिशोबाने १००० युनिटला, किमान १० युरो सेंट क्लायमेट फंडात टाकायचे. त्या फंडातून गरीब देशांत जिथे वीज नाही तिथे सोलर वगैरे बसवतात.

माझं म्हणणं, असं लेबल आपल्याकडे जोरात यायला पाहिजे. पण दोन अटींवर. लेबल देताना जमीन कोणाची होती आणि त्याला काय मिळालं हे विचारलं गेलं पाहिजे, आणि फंडातला ठरावीक हिस्सा जिथे वीज बनते त्याच तालुक्यात, नाहीतर शेजारच्या तालुक्यात खर्च झाला पाहिजे. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीचा १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला, त्याला जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचं कर्ज होतं. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा किती वर्षांपासून फिरताहेत. म्हणजे बाहेरचा क्लायमेटचा पैसा खान्देशात याआधीच येऊन गेलाय. तो मोठ्या तारांतून आला आणि मोठ्या तारांतूनच गेला, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यापर्यंत काय पोचलं हे कोणी विचारलंच नाही. बोला, काय वाटतं?

केळीचा_मळा :
भो, हाई लेबल बठ्ठं ठीक शे, पन आमना वावरमा दिवसा लाईट कव्हय येई ते सांग.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. १० सेंट म्हणजे आपले धरा नऊ-दहा रुपये. १००० युनिटला दहा रुपये म्हणजे युनिटला एक पैसा. एक पैसा! आणि या पैशावर ती कंपनी जगाला सांगणार की आम्ही हिरवे. रावेर-यावलकडे एक आठवडा दिवसाची पाळी आणि एक आठवडा रात्रीची, रात्री दोनला उठून मोटर चालू करायला जायचं, केळीच्या बागेत साप-विंचू, बिबट्याची भीती, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की एक पाणी चुकलं तरी घड पोसत नाही. या माणसाला लेबलने काय फरक पडतो? त्याला शेतीचा फीडर, म्हणजे पंपांना वीज देणारी लाइन, सोलरवर पाहिजे. ते काम सरकारच्या योजनेतून होतंय, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीचं २.० मधलं टार्गेट १६ हजार मेगावॅटचं आहे. ताकद लावायची तर तिथे लावा ना, फिनलंडच्या स्टिकरमागे कशाला लागायचं.

कपाशी_धुळे :
लेबल या प्रकारावरच माझा विश्वास नाही. आम्ही कापूसवाले लोक आहोत, सेंद्रिय कापसाच्या लेबलचं काय झालं ते पाहिलंय. २०२० मध्ये गॉट्स या जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या सेंद्रिय कापडाच्या लेबलवाल्यांनी स्वतःच जाहीर केलं की भारतातला २० हजार टन कापूस खोट्या सर्टिफिकेटवर सेंद्रिय म्हणून गेला. ज्याने खरंच शेणखत टाकून, फवारणी न करता कमी उतारा सहन केला त्याला भाव मिळाला नाही, आणि कागद बनवणाऱ्यांनी पैसे कमावले. कापूस निदान हातात घेऊन बघता येतो, लॅबला पाठवता येतो. तारेतून आलेली वीज शिवाजीनगरच्या सोलरची का भुसावळ दीपनगरच्या कोळशाची हे मीटरला कळतच नाही. म्हणजे सगळा खेळ पुन्हा कागदावरच.

सातपुडा_पायथा :
@कपाशी_धुळे दादा, कागदावरच आहे हे बरोबर, पण तो कागद नंबरचा असतो. आपल्याकडे आरईसी म्हणून नवीकरणीय ऊर्जेचं सर्टिफिकेट २०१० च्या नियमांपासून आहे, १००० युनिट तयार झाले की एक सर्टिफिकेट, ते रजिस्ट्रीत नोंदतात, एकदा वापरलं की रद्द होतं, दुसऱ्यांदा विकता येत नाही. कापसाच्या गाठीसारखी एका कागदावर चार गाठी असं करायला तिथे अवघड जातं कारण ग्रिडच्या मीटरचं रीडिंग समोर असतं. अवघड म्हणतोय, अशक्य म्हणत नाही.

@केळीचा_मळा नाना, एक पैसा कमी आहे हे मान्यच. पण एखाद्या मोठ्या ग्राहकाने वर्षाला १० लाख मेगावॅट-अवर घेतली तर ते १ लाख युरो होतात, म्हणजे कोटभर रुपयांच्या आसपास. पाड्यावरच्या आश्रमशाळेला, आरोग्य उपकेंद्राला सोलर बसवायला कोट रुपये लागत नाहीत.

धडगावची_बाई :
मी शिक्षिका आहे, डोंगरातल्या शाळेवर. तुमच्या चर्चेत एक गोष्ट राहतेय म्हणून लिहिते, मोठं होईल, वाचा.

आमच्याकडे सोलर कधीच येऊन गेलंय. शाळेच्या वरच्या अंगाला एक सोलर दिव्याचा खांब आहे. वर पॅनल आहे, त्याच्यावर धूळ आणि सागाच्या पानांचा थर. खाली बॅटरीची पेटी उघडी, टर्मिनलवर पांढरी पूड चढलेली, एक वायर कोणीतरी कापून नेलेली, आणि आत मुंग्यांनी घर केलंय. खांबावर योजनेचं नाव पिवळ्या रंगात अजून स्पष्ट वाचता येतं. दिवा लावला त्या वर्षी सगळे खूश होते, बाया त्याच्या उजेडात रात्री भाकरीचं पीठ चाळायच्या, पोरं खाली बसून पाढे म्हणायची. बॅटरीचं आयुष्य संपलं, नवीन कोणी दिली नाही. कारण फंडात बसवायचे पैसे असतात, सांभाळायचे नसतात. म्हणून मला विचाराल तर फंड पाहिजेच, पण दहा वर्षांच्या बॅटरीचा आणि पाड्यावरच्याच एका पोराच्या पगाराचा हिशोब आधी लिहून घ्या, मग पॅनल मोजा.

दुसरी गोष्ट लेबलची. आमच्याच तालुक्यात बिलगावला उदय नदीच्या धबधब्यावर २००३ मध्ये १५ किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला होता, केरळहून आलेले तरुण इंजिनिअर आणि गावातल्या आदिवासींचं श्रमदान यातून. माणसांनी दगड वाहिले, स्वतःच्या हाताने बांध घातला आणि घराघरात दिवे लागले. २००६ च्या पावसात सरदार सरोवराचं पाणी चढलं आणि तो प्रकल्प बुडाला. आता बघा, ज्या धरणाने तो बुडवला त्याची पण वीज आहे, १४५० मेगावॅट, त्यात महाराष्ट्राचा २७ टक्के वाटा, आणि त्याच्यासाठी आमच्या जिल्ह्यातली ३३ गावं गेली. मार्च २०१९ मध्ये केंद्र सरकारने मोठ्या जलविद्युत प्रकल्पांना पण नवीकरणीय म्हणून मान्यता दिली. म्हणजे नुसतं नवीकरणीय एवढंच विचारलं तर बिलगावचा १५ किलोवॅट आणि ते अख्खं धरण एकाच रांगेत बसतं. त्या दोघांत फरक करणारं काहीतरी पाहिजे की नको? माझ्या मते चांगल्या लेबलचं खरं काम हेच आहे. नदी अडवली का, माणसं उठवली का, हे जो विचारेल त्याचं लेबल मला चालेल.

केळीचा_मळा :
ताई, तुमचं पटलं. बॅटरीचं तर शंभर टक्के, आमच्याकडे पण सोलर पंपाचा कंट्रोलर जळाला की महिना महिना माणूस येत नाही आणि तोवर बाग वाळते. पण म्हणूनच मी म्हणतोय, बाहेरच्या फंडाला ही सगळी जबाबदारी कशी पेलणार? जो जवळ आहे त्यालाच पकडावं लागतं.

हिशोबी_माणूस :
फंडाबद्दल एक जुना हिशोब सांगतो, कारण फंड म्हटलं की लोक लगेच भारावतात. आपल्याकडे २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये सेस लावला, स्वच्छ ऊर्जेच्या नावाने. वाढत वाढत २०१६ ला तो ४०० झाला. २०१७-१८ पर्यंत मिळून ८६ हजार कोटींच्या वर जमा झाले. त्यातले राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीत गेले साधारण २९-३० हजार कोटी, आणि प्रकल्पांना प्रत्यक्ष मिळाले त्याच्यापण निम्म्याच्या आसपास. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो सेस राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळवला. दीपनगरला जळणाऱ्या कोळशावर पण हा सेस बसला होता, म्हणजे राखेची धूळ खाल्ली भुसावळने आणि त्याच्या नावावर जमा झालेला पैसा भलतीकडेच गेला.

श्रीमंत देशांचं पण तेच. २००९ ला कोपनहेगनमध्ये म्हणाले २०२० पासून वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ, ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेच्या स्वतःच्या आकड्यांप्रमाणे ते पूर्ण झालं २०२२ ला, आणि त्यातलाही बराचसा भाग कर्ज. त्यामुळे माझा क्लायमेट फंडाला विरोध आहे असं नाही, पण ज्या फंडाचं पासबुक ग्रामसभेत वाचून दाखवता येत नाही त्याच्यावर मी एक पैसा पण सोडणार नाही.

जळगाव_एमआयडीसी :
इथे कोणीच धंद्याच्या बाजूने बोललं नाही म्हणून लिहितो. मी ज्या युनिटमध्ये अकाउंट्स बघतो तिथून माल बाहेर जातो. आधी बायर भाव आणि डिलिव्हरी एवढंच विचारायचे, आता प्रश्नावलीत थेट विचारतात की तुमची किती टक्के वीज नवीकरणीय आहे आणि पुरावा काय. छतावर सोलर टाकलंय पण तीन शिफ्टच्या मशीनला ते पुरत नाही, रात्री तर शून्य. मग उरलेल्याचं काय? महाराष्ट्रात २०२१ मध्ये वीज आयोगाने ग्रीन टॅरिफला मंजुरी दिली, तेव्हा युनिटला ६६ पैसे जादा भरले की १०० टक्के हिरवी वीज घेतल्याचं सर्टिफिकेट मिळायची सोय झाली. आता @केळीचा_मळा नाना, तुम्ही एका पैशावर बोट ठेवलं, इथे जादा पैसे द्यायला तयार होणारे ग्राहक आहेत कारण ऑर्डर टिकवायची आहे. त्या जादा पैशांतले युनिटला पाच पैसे जरी त्याच सर्कलमधल्या शाळा, दवाखान्यांच्या सोलरला राखून ठेवले तरी लेबलही झालं आणि फंडही झाला, फिनलंडला जायची गरज नाही. आणि मालक लोकांना पण बायरला दाखवायला एक ठोस गोष्ट मिळते, अमुक गावाच्या उपकेंद्राचा लसीचा फ्रीज आमच्या पैशातल्या सोलरवर चालतो.

कपाशी_धुळे :
हे पाच पैशाचं गणित समजलं, तेवढं चांगलं आहे. पण जमिनीवर अजून कोणी बोललं नाही. धागा काढणाऱ्याने अट घातली आणि पुढे सोडून दिली. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणच्या धर्मा पाटलांचं नाव विसरलात का? दोंडाईच्याच्या वीज प्रकल्पासाठी जमीन गेली, मोबदला कमी मिळाला म्हणून ८४ वर्षांचा माणूस मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवत होता, जानेवारी २०१८ मध्ये तिथेच विष घेतलं आणि गेले. त्या जागेवर आधी औष्णिक प्रकल्प म्हणत होते, नंतर सोलर पार्क म्हणायला लागले. उद्या तिथल्या पॅनलवर कोणी हिरवं लेबल चिकटवलं तर मला ते बघवणार नाही, मग त्यातून कितीही पैसे फंडात जाऊ देत.

सातपुडा_पायथा :
दादा, सोडलं नव्हतं, तुमच्यासारख्या कोणीतरी बोलावं म्हणून थांबलो होतो. त्याच जिल्ह्यात आता सौर वाहिनी योजनेत पडीक जमीन भाड्याने देता येते, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ, जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते, सातबारा बदलत नाही. लेबलने माझ्या मते एवढंच विचारावं की जमीन विकत घेतली, सक्तीने घेतली का भाड्याने, आणि शेवटचा मोबदला कधी दिला. सक्तीने घेतली आणि केस चालू आहे तर लेबल नाही. वनजमीन असेल तर ग्रामसभेचा ठराव जोडायचा, आमच्या पेसा भागात, म्हणजे आदिवासी ग्रामसभेला जादा हक्क देणारा कायदा लागू आहे तिथे, तर तो मागायलाच पाहिजे. कंपन्यांना हे जड जाईल, जाऊ दे.

धडगावची_बाई :
ठराव जोडताना ग्रामसभेला किती बाया होत्या ते पण लिहायला लावा. आमच्याकडे सह्या घरोघरी फिरवून घेतात, सभा होतच नाही.

केळीचा_मळा :
मी अजून माझ्या जागीच आहे, पहिले दिवसाची लाईट. पण एक करता येईल, @जळगाव_एमआयडीसी भाऊ, तुमच्या युनिटसारखी जी जादा पैसे भरणारी युनिटं आहेत त्यांनी शाळा-दवाखान्यासोबत त्याच सबस्टेशनवरचा एक शेतीचा फीडर पण धरा. सब्सिडी सरकारची, दुरुस्तीचा माणूस तुमच्या पैशातला. तसं झालं तर मी लेबलच्या बाजूने आमच्या सोसायटीत स्वतः बोलेन.

जळगाव_एमआयडीसी :
नाना, मालकाला सोमवारी विचारतो. दुरुस्तीच्या माणसाचा वर्षाचा खर्च किती धरायचा ते ताई आणि तुम्ही मिळून इथेच लिहा, म्हणजे मला आकडा समोर ठेवता येईल.