विषय: जुनी बोट, जुनी मोटर – पवनीच्या मामेभावासाठी सल्ला हवा

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या वर्गणीच्या मेलांमध्ये हे घुसवत नाही, म्हणून वेगळा विषय टाकतोय. माझा मामेभाऊ पवनीजवळ राहतो. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात शेत गेलं, तेव्हापासून जाळ्यावर पोट आहे. डोंगा वल्हवून खांदे गेले म्हणतो. आता फायबरची बोट आणि १५ एचपीची टू-स्ट्रोक मोटर असा जोड विकायला आहे. मोटर कोकणातून आलेली, वय कोणालाच माहीत नाही. मालक म्हणतो, "एका झटक्यात चालू होते जी." भावाला शेतातला पंप, ट्रॅक्टर सगळं उघडता येतं, पण बोटीची मोटर पहिल्यांदाच बघणार. कुणाला यातलं कळतं का?

---

भाऊ,

मिनेसोटात राहून दुसरं काय शिकणार! एप्रिलात तळ्यावरचा बर्फ गेला की आमच्या गल्लीतल्या निम्म्या मोटरी माझ्या गराजमध्ये येतात.

"एका झटक्यात" याच शब्दाची भीती बाळग. आदल्या दिवशी मालकाला सांगून ठेवायचं की मी येईपर्यंत दोरी ओढू नका. गेल्या गेल्या वरचं टोपण काढून सिलिंडरवर तळहात ठेवायचा. कोमट लागला तर बसून राहायचं. तापलेली मोटर सगळी दुखणी लपवते.

कोरडी मात्र चालवू देऊ नकोस. पाणी खेचणारा इम्पेलर रबराचा असतो, पाण्याशिवाय बघता बघता जळतो. २०० लिटरचा ड्रम अर्धा कापून भरायचा, पाणी घेण्याच्या जाळ्या पूर्ण बुडाल्या पाहिजेत. चालू झाल्यावर मागून पाण्याची बारीक धार सतत पडली पाहिजे. धार नसेल तर आधी भोकात तार घालून बघ, कुंभारमाशीचं घरही निघतं. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि तिथून वैनगंगेला येतं, त्यामुळे तुमच्याकडे जलपर्णी. तिची मुळं त्या जाळ्यांत अडकतात. तरीही धार नाही, तर इम्पेलर गेला.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. मोटरसायकलच्या मेकॅनिककडून गेज मागून घे. दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून पाच-सहा वेळा दोरी ओढायची. मला आकड्यापेक्षा दोन सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा वाटतो. ११० आणि १०५ असेल तर उत्तम. ११० आणि ७० असेल तर चहा पिऊन घरी ये.

शेवटी खालच्या गिअरबॉक्सचा तळाचा स्क्रू जरासा सैल करायचा. आधी पाणी आलं किंवा तेल दुधाळ निघालं, तर पाणी अडवणारं सील गेलं. मोटर खाऱ्या पाण्यातली आहे, म्हणून बोल्टांभोवती पांढरी भुकटी आहे का तेही बघ. गोड्या पाण्यात आणली म्हणून पोटातलं मीठ जात नाही.

– काका

---

काका,

भावाचा फोन आला. त्याच्याच शब्दांत देतो: "टोपण काढलं तं मोटर तापलेली. म्या म्हटलं, काहून जी, सांगतलं होतं नं? तं म्हणे, सकाळी जाळं काढाले गेलो होतो. अन् बोट तं काठावर उपडी, बूड ठणठणीत कोरडं!"

दुपारपर्यंत तो तिथेच कडुनिंबाखाली बसला. मग थंड मोटरला तेरा झटके लागले. कॉम्प्रेशन १०० आणि ९५. धार चांगली. पण गिअरचं तेल अगदी टपरीवरच्या चहासारखं. पंखा (प्रोपेलर) काढला तर मागे शाफ्टभोवती जाळ्याचा नायलॉन धागा गुंडाळलेला, इतका घट्ट की ब्लेडने कापावा लागला. फोटो जोडलाय. मोटर सोडून द्यायची का?

---

सोडू नकोस. महागडं अंग वरचं, ते धडधाकट आहे. सील त्या धाग्यानेच कापलं असणार. मासेमारीच्या मोटरींत हे नेहमीचंच. ते तेल दोन बोटांत चोळून बघायला सांग. खरखर लागली, लोखंडाचा चुरा चमकला, तर गिअर खाल्लेत, मग मात्र नको. गुळगुळीत असेल तर सील आणि मजुरीचे पैसे कापून घे. तापलेल्या मोटरीचेही थोडे काप, माझ्या नावाने.

नवं तेल भरल्यावर तासभर चालवून पुन्हा स्क्रू सैल करून बघायचं. पंखा दर महिन्याला काढायचा. पेट्रोलमध्ये तेल ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. इथेनॉलचं पेट्रोल टाकीत महिनोन् महिने ठेवायचं नाही, ते पाणी ओढतं.

बोटीला ज्या क्लॅम्पने मोटर आवळतात, तिथे पत्र्यावर मॉडेल नंबर असतो. त्याचा फोटो पाठव. डिसेंबरात नागपूरला येतोय, सील बॅगेत टाकून आणतो.

– काका